व्हेनिस पायी फिरायचं आहे, सोबत गुडघेदुखी असलेली आई: नोव्हेंबरमध्ये अडीच दिवसांचं नियोजन कसं करावं?

दुपारची_गाडी

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात व्हेनिसला जात आहोत. मी, नवरा आणि आई (वय 68). अडीच दिवस हातात आहेत. रेल्वेने सान्ता लुचिया स्टेशनवर उतरणार.

आईला सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर चालायला काहीच अडचण नाही, पण पायऱ्या, विशेषतः उतरताना, त्रास देतात. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं, म्हणून आधी वाटलं चालतच सगळं होईल. मग कळलं की तिथे चारशेच्या वर पूल आहेत.

विचारायचंय ते असं:
1. राहायचं बेटावर की मेस्त्रेला (पलीकडे मुख्य भूमीवरचा भाग)? मेस्त्रेला बरंच स्वस्त दिसतंय.
2. बोटीचा पास घ्यावा का? तिकीट फार महाग वाटतंय.
3. नोव्हेंबरात शहरात पाणी भरतं म्हणतात. गमबूट न्यावे लागतील का?
4. पूल कमीत कमी लागतील असा एखादा मार्ग कुणी आखून देईल का?

आम्ही शाकाहारी आहोत, तेही सांगून ठेवते.

---

नकाशेवाला

व्हेनिसमध्ये अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, पुलांमध्ये मोजा. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. स्टेशन ते सान मार्को (शहराचा मुख्य चौक) हे अंतर चालून साधारण पाऊण तासाचं, पण वाटेतला प्रत्येक पूल म्हणजे दहा-वीस पायऱ्या वर आणि तितक्याच खाली. खालून बोटी जाव्यात म्हणून पूल कमानीचे आहेत आणि सपाट पूल जवळजवळ नाहीतच. तरुण माणसाला ते जाणवत नाही, गुडघ्याला मात्र तिसऱ्या पुलापासून जाणवतं.

म्हणून राहण्याबद्दल: हॉटेल ठरवण्याआधी त्यांना एकच प्रश्न लिहून विचारा, "जवळच्या वापोरेत्तोच्या (म्हणजे सार्वजनिक बोटीच्या) थांब्यापासून तुमच्या दारापर्यंत किती पूल आहेत?" उत्तर "शून्य" आलं तरच घ्या. आणि इमारतीत लिफ्ट आहे का तेही विचारा, कारण जुन्या घरांत तिसऱ्या मजल्यापर्यंत अरुंद जिना ही नेहमीची गोष्ट आहे. स्टेशनच्याच बाजूला, म्हणजे लिस्ता दि स्पान्या या रस्त्यावर, एकही पूल न ओलांडता पोचता येणारी बरीच हॉटेलं आहेत. तो भाग देखणा नाही, पण सामान आणि गुडघे दोन्हींच्या दृष्टीने सोयीचा आहे.

मेस्त्रे मी टाळेन. ट्रेन दहा-बारा मिनिटांचीच आहे, पण त्यामुळे दुपारी खोलीवर जाऊन तासभर पाय पसरणं अशक्य होतं. आईंसाठी तीच विश्रांती महत्त्वाची. शिवाय दिवसभराची गर्दी संध्याकाळी परतते आणि सकाळी नऊ-साडेनऊला पुन्हा येते. सकाळी साडेसात ते नऊ ही शहराची सगळ्यात चांगली वेळ, आणि ती बेटावर राहणाऱ्यालाच मिळते.

पत्त्याबद्दल एक सूचना, कारण इथे सगळे चुकतात. घरांचे क्रमांक रस्त्याप्रमाणे नसतात. शहराचे सहा सेस्तिएरे म्हणजे विभाग आहेत (सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, दोर्सोदुरो, सान पोलो, सान्ता क्रोचे) आणि क्रमांक अख्ख्या विभागाला एकच सलग दिलेले आहेत. कास्तेल्लोत ते सहा हजारांच्या पुढे जातात. एकाच नावाच्या गल्ल्याही बऱ्याच आहेत, "काल्ले देल फोर्नो" कितीतरी सापडतील. त्यामुळे नुसतं गल्लीचं नाव नकाशात टाकू नका. विभाग आणि क्रमांक दोन्ही टाका, आणि हॉटेलकडून जवळच्या काम्पोचं म्हणजे चौकाचं नाव घेऊन ठेवा.

---

सागवानी

वरच्या उत्तराशी सहमत. पासबद्दल मी सांगतो.

एका वेळचं तिकीट साडेनऊ युरो, 75 मिनिटं चालतं. 24 तासांचा पास 25, 48 तासांचा 35, 72 तासांचा 45 युरो. दिवसातून तीन वेळा बोटीत बसलात की पास वसूल, आणि तुम्ही तर प्रत्येक अवघड पुलाच्या जागी बोट वापरणार आहात. अडीच दिवसांसाठी 72 तासांचाच घ्या. तास पहिल्यांदा यंत्राला लावल्यापासून मोजले जातात, कॅलेंडरच्या दिवसाप्रमाणे नाही. पास असला तरी दर वेळी चढण्याआधी थांब्यावरच्या यंत्राला लावावाच लागतो. पैसे भरलेले असूनही दंड होतो तो बहुधा इथेच. विमानतळाच्या बोटी (आलिलागुना) या पासात येत नाहीत, त्यांचं तिकीट वेगळं.

तुमच्या कामाच्या लाइन दोन:
लाइन 1 महाकालव्याच्या (ग्रँड कॅनालच्या) जवळजवळ प्रत्येक थांब्यावर, कधी या काठाला तर कधी त्या काठाला लागते. म्हणून ती नुसती प्रवासाची बोट नाही, तो चालता पूल आहे. का दोरो (सोनेरी घर) ते रिआल्तो मेर्कातो हा एकच थांबा घेतला की कालवा ओलांडून झाला, पायरी एकही नाही.
लाइन 2 कमी थांबे घेते आणि जुदेक्का कालव्याच्या बाजूने फिरते. सान जोर्जो, जुदेक्का आणि झात्तेरे यांच्यासाठी ती.

थांबा म्हणजे तरंगता धक्का असतो. भरती-ओहोटीप्रमाणे तिथली फळी कधी वर चढते, कधी उतरते, तेवढं लक्ष ठेवा. बोट दोन्ही दिशांना एकाच धक्क्यावरून सुटते, तेव्हा चढताना खलाशाला "सान मार्को?" किंवा "फेरोविया?" (म्हणजे स्टेशन) असं विचारून घ्या. उलट्या बोटीत बसणं ही इथली सर्वांत सामान्य चूक आहे.

महाकालवा पाहायचा तर पियात्साले रोमा या पहिल्या थांब्यावरून लाइन 1 पकडा, तिथे बसायला जागा मिळते. पण स्टेशनहून तिथे पोंते देल्ला कोस्तितुत्सिओनेवरून चालत जाऊ नका. 2008 सालचा हा पूल दिसतो सुंदर, पण त्याच्या काचेच्या पायऱ्यांवर ओल्यात बरेच जण घसरले आहेत आणि पायऱ्यांची रुंदी एकसारखी नसल्याने पाऊल चुकतं. एक थांबा बोटीने जा.

त्रागेत्तो नावाची दोन युरोची गोंडोला-होडी कालवा ओलांडायला असते. स्वस्त आहे, मजेदारही आहे, पण होडीत पाय टाकताना तोल सांभाळावा लागतो आणि बरेच जण उभेच राहतात. तुम्ही दोघं जरूर जा, आईंना लाइन 1 ने पलीकडे भेटा. सुटे पैसे हातात ठेवा.

फिरायच्या गोंडोलाचा शहराने ठरवलेला दर दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो आणि संध्याकाळी सातनंतर 35 मिनिटांना 110 असा आहे. तो होडीचा दर आहे, माणशी नाही, पाच जण बसू शकतात. बसण्यापूर्वी वेळ आणि रक्कम दोन्ही बोलून घ्या.

---

भरतीओहोटी

पाण्याबद्दल बराच गैरसमज आहे, म्हणून सविस्तर.

आक्वा आल्ता म्हणजे मोठी भरती. ऑक्टोबर ते जानेवारी हा तिचा मुख्य काळ. अमावस्या-पौर्णिमेची भरती, आग्नेयेकडून येणारा सिरोक्को वारा आणि कमी हवेचा दाब हे एकत्र आले की एड्रियाटिक समुद्राचं पाणी खाडीत ढकललं जातं.

अंदाजात "110 सेंमी" असं दिसलं तर घाबरू नका. तो रस्त्यावरच्या पाण्याचा आकडा नाही. पुन्ता देल्ला सालुते इथल्या मोजपट्टीच्या शून्यापासून तो मोजतात आणि ते शून्य 1897 सालच्या समुद्रपातळीवरून ठरलेलं आहे. सान मार्को चौक शहरातल्या सगळ्यात सखल जागांपैकी एक, तिथे 80-85 सेंमीच्या आसपास पाणी दिसू लागतं. ते काठावरून आत वाहत येत नाही, फरशीखालच्या गटारांच्या जाळ्यांतून वर येतं. त्यामुळे काठ कोरडा आणि चौकाच्या मध्ये तळं असं दृश्य असू शकतं. 110 ला चौकात नडगीपर्यंत पाणी, पण शहराचा बहुतांश भाग कोरडाच असतो.

3 ऑक्टोबर 2020 पासून मोझे हे अडथळे वापरात आहेत. लिदो, मालामोक्को आणि किओज्जा या तीन मुखांवर समुद्रतळाशी 78 पोकळ दारं पडलेली असतात. हवा भरली की ती उभी राहतात आणि समुद्र अडवतात. साधारण 110 च्या अंदाजाला ती उचलली जातात. म्हणजे 12 नोव्हेंबर 2019 सारखी, 187 सेंमीची परिस्थिती आता अडवली जाते. पण 85 ते 110 या पट्ट्यातली भरती तशीच आत येते, आणि नोव्हेंबरात तुम्हाला भेटली तर तीच भेटेल.

करायचं काय? शहराच्या भरती केंद्राचा अंदाज रोज रात्री बघा, त्यात दुसऱ्या दिवशीच्या भरतीची वेळ आणि उंची दोन्ही असतात. पाणी वर येतं, दोन-तीन तासांत उतरू लागतं. सकाळी नऊला भरती असेल तर सान मार्को दुपारी ठेवा, बस्स. गमबूट घरून ओढून नेऊ नका. गरज पडलीच तर बुटावर चढवायची प्लास्टिकची पायमोजे-बुटं रस्त्यावर मिळतात. त्यांचा तळ मात्र गुळगुळीत असतो, आईंना ती घालून चालायला लावण्यापेक्षा तेवढा वेळ चौक टाळा. पाणी भरतं तेव्हा फळ्यांचे उंच मार्ग टाकतात, पण ते अरुंद असतात, कठडा नसतो आणि दोन्ही बाजूंनी माणसं येत असतात.

घसरण्याचा खरा धोका दुसरीकडे आहे. कालव्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं, तिथे फोटोसाठी एकही पायरी खाली उतरू नका. आणि पुलांच्या पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या इस्त्रियन दगडाच्या असतात, पावसात त्या निसरड्या होतात. तळाला चांगली पकड असलेले बूट घ्या, तेच पुरे.

धुकं हा दुसरा पाहुणा. दाट धुक्यात बोटींचे मार्ग बदलतात, काही थांबे गळतात. ज्या दिवशी ट्रेन पकडायची आहे त्या दिवशी तासभर हाताशी ठेवा. सूर्यास्त साडेचारच्या सुमाराला होतो, तेव्हा बाहेरचं पाहायचं ते दुपारी तीनपर्यंत उरका आणि चर्च-संग्रहालयं मागे ठेवा.

---

नकाशेवाला

मार्ग आखून देतो. पूल कमी ठेवले आहेत, शून्य नाही होत.

पहिली दुपार (अर्धा दिवस): कान्नारेजो. स्टेशनमधून बाहेर आलात की समोरचा स्काल्त्सी पूल ओलांडू नका, डावीकडे वळा. लिस्ता दि स्पान्याने सरळ गेलात की गुल्ये पूल येतो. तो ओलांडला की लगेच डावीकडे कालव्याकाठी थोडं चाला, एक बुटका बोगदा लागेल (अशा घराखालून जाणाऱ्या वाटेला सोतोपोर्तेगो म्हणतात). आत गेत्तो. 1516 मध्ये इथे ज्यूंना राहायची सक्ती झाली, रात्री दरवाजे बंद होत. जागा वाढवता येत नव्हती म्हणून मजले चढवत गेले. इथली घरं शहरातल्या इतर घरांपेक्षा उंच आणि मजले बुटके दिसतात ते त्यामुळे. खिडक्यांच्या ओळी मोजून बघा.

तिथून उत्तरेला तीन लांब कालवे समांतर जातात. त्यांच्या काठाच्या वाटा (फोंदामेन्ता) सरळ आणि सपाट आहेत, ऑर्मेसीनी आणि मिझेरिकोर्दिया या सलग वाटेवर भरपूर चालता येतं. चालायला या शहरात याहून चांगला भाग मला माहीत नाही. जमलं तर मादोन्ना देल्लोर्तो हे विटांचं गॉथिक चर्च, तिथे तिंतोरेत्तो या चित्रकाराची कबर आणि त्याची प्रचंड चित्रं आहेत. परत स्त्रादा नोवा या रुंद रस्त्यावर या, का दोरोच्या थांब्यावरून बोटीने हॉटेलवर.

दुसरा दिवस. सकाळी लवकर लाइन 1 ने सान मार्को (सान झाक्कारिया थांबा). नऊच्या आत चौक मोकळा असतो. चौकातल्या बासिलिकाचं (मोठ्या चर्चचं) तिकीट आधी ऑनलाइन वेळेसह घ्या. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत, आणि रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना प्रवेश नसतो. दुकाले राजवाड्यात जिने बरेच आहेत. लिफ्ट आहे, पण मागावी लागते, आत शिरतानाच कर्मचाऱ्यांना सांगा. उसाशांच्या पुलाकडून तुरुंगात जाणारा भाग अरुंद आणि पायऱ्यांचा आहे, आईंनी तो सोडला तरी चालेल. तो पूल बाहेरून पोंते देल्ला पाल्यावरून छान दिसतो.

घंटामनोऱ्यासाठी सान मार्कोची रांग लावू नका. सान झाक्कारियाहून लाइन 2 ने एक थांबा समोरच्या सान जोर्जो माज्जोरे बेटावर जा. तिथेही मनोऱ्याला लिफ्ट आहे, रांग लहान, आणि सान मार्कोचा सगळा दर्शनी भाग पाण्यापलीकडे समोर दिसतो. जो मनोरा आपण पाहायला आलो त्याच्यावर चढलं की तोच दिसत नाही! बेटावर बोटीतून उतरून चर्चपर्यंत पूल नाही.

तीच लाइन 2 पुढे झात्तेरेला नेते. दक्षिणेकडे तोंड असलेला लांब, रुंद धक्का, नोव्हेंबरातलं ऊन इथेच. बाकं आहेत. पूल मध्ये मध्ये येतात, पण ऑक्टोबर अखेरच्या मॅरेथॉनसाठी त्यांवर लाकडी उतार टाकतात आणि ते पुढेही काही काळ ठेवलेले असतात. असले तर बरं, त्यावर भिस्त नको. झात्तेरेहून फोंदामेन्ता नानीवर वळलात की कालव्यापलीकडे सान त्रोवाझोचा स्क्वेरो म्हणजे गोंडोला बांधण्याचा कारखाना दिसतो. लाकडी घर डोंगरातल्यासारखं का? कारण लाकूड आणि सुतार दोन्ही कादोरेच्या डोंगरांतून येत. उलट्या ठेवलेल्या गोंडोलाकडे नीट पाहा. ती सरळ नसते, डावी बाजू 24 सेंमी जास्त रुंद असते, कारण वल्हं एकट्या उजव्या बाजूने मारतात आणि बाक नसेल तर होडी गोल फिरेल.

तिसरा दिवस. सकाळी रिआल्तोचा बाजार, रिआल्तो मेर्कातो थांब्यावरून. मासळीबाजार रविवार-सोमवार बंद, आणि दुपारी बारापर्यंत सगळं आवरतं. मग लाइन 1 ने सान तोमा. तिथून फ्रारी चर्च जवळ. तित्सियानो (टिशियन) या चित्रकाराचं 1518 चं 'असुन्ता' हे चित्र मुख्य वेदीवर, ज्या जागेसाठी काढलं तिथेच आहे. मागेच सान रोक्को, तिंतोरेत्तोने भिंती आणि छत भरून टाकलेलं सभागृह. छताची चित्रं बघायला आरसे ठेवलेले असतात, मान दुखत नाही.

---

दुपारची_गाडी

इतकं सविस्तर, खूप आभार! मेस्त्रे रद्द. दोन शंका: शहरात यायचं प्रवेश शुल्क आम्हाला लागेल का? आणि बऱ्याच ठिकाणी "नकाशा बाजूला ठेवा आणि हरवून जा" असं वाचलं, ते कितपत करावं?

---

सागवानी

शुल्क: 2024 पासून सुरू झालं ते दिवसापुरत्या येणाऱ्यांसाठी, ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते चार. आतापर्यंत ते दिवस एप्रिल ते जुलै याच काळात ठेवले आहेत, त्यामुळे नोव्हेंबरचा प्रश्न नाही. बेटावर मुक्काम करणाऱ्याला ते तसंही माफ असतं, मात्र हॉटेल प्रति रात्र पर्यटक कर वेगळा घेतं. बुकिंगच्या रकमेत तो धरलेला नसतो.

हरवून जाण्याचा सल्ला आईंसोबत पाळू नका. बऱ्याच गल्ल्या थेट पाण्यात संपतात, तिथून मागे फिरायचं म्हणजे तेच पूल पुन्हा. शिवाय उंच भिंतींच्या गल्लीत फोनची खूण शेजारच्या गल्लीत उडी मारते. भिंतींवरच्या पिवळ्या पाट्या (पेर रिआल्तो, पेर सान मार्को, आल्ला फेरोविया) जास्त भरवशाच्या, फक्त त्या जवळचा नाही तर मुख्य वाहतुकीचा रस्ता दाखवतात. "रिओ तेरा" नाव दिसलं की तो बुजवलेला कालवा समजा: रुंद आणि सपाट. ती नावं नकाशात शोधून मार्ग जोडता येतो.

चालताना उजवी बाजू धरा आणि पुलाच्या माथ्यावर थांबू नका, लोक कामाला जात असतात. पुलाच्या पायऱ्यांवर बसलात तर दंड होऊ शकतो. बाकं हवीत तर सान जाकोमो देल्लोरियो आणि सान पोलो हे चौक. सार्वजनिक स्वच्छतागृहाला दीड युरो. चौकांतल्या नळांचं पाणी पिण्याचं असतं, बाटली भरून घ्या.

---

हिरवीमिरची

शाकाहाराचं राहिलं.

बाकारो म्हणजे उभ्याने खायच्या छोट्या खानावळी, तिथे पावाच्या चकत्यांवर निरनिराळे पदार्थ मांडलेले असतात. त्यातला पांढरा, मऊ, चीजसारखा दिसणारा लगदा म्हणजे बाकाला मान्तेकातो: तो कॉड मासा आहे. दिसण्यावर जाऊ नका. "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे" (मांस नको, मासे नको) असं म्हणा, दोन्ही म्हणा, कारण नुसतं मांस नको म्हटलं की मासा येतो. पास्ता ए फाजोली या घेवड्याच्या सूपमध्ये बऱ्याचदा डुकराचं मांस घालतात, विचारून घ्या. आर्टिचोक, पोलेन्ता, चीज, वांगं आणि त्रामेत्सिनो नावाची त्रिकोणी सँडविचं यांवर भागतं.

कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली तर निम्म्याहून कमी दरात मिळते. टेबलाला बसलात की "कोपेर्तो" माणशी वेगळा लागतो, तो मेनूकार्डावर खाली लिहिलेला असतो. सान मार्को चौकातल्या कॅफेत वादक वाजवत असतील तर संगीताचे पैसे बिलात जोडतात.

---

भरतीओहोटी

तारखा पुन्हा एकदा तपासा. 21 नोव्हेंबर तुमच्या मुक्कामात येत असेल तर भाग्यवान आहात. 1630-31 च्या प्लेगमधून शहर सुटलं त्याच्या नवसाचा तो दिवस, फेस्ता देल्ला सालुते. सान्ता मारिया देल जील्योपासून सालुते चर्चकडे महाकालव्यावर तात्पुरता पूल टाकतात, तो काही दिवस उभा असतो. गावची माणसं चर्चमध्ये मेणबत्ती लावायला येतात. 21 तारखेला दुपारपासून गर्दी फार असते, आईंना घेऊन सकाळी लवकर जा किंवा आदल्या दिवशी. पूल चढायचा नसेल तर लाइन 1 चा सालुते थांबा चर्चच्या पायथ्याशीच आहे. चर्चसमोर मोठ्या पायऱ्या आहेत, एका बाजूने हळूहळू चढा.

शेवटच्या दिवशी सामान स्टेशनवरच्या सामानघरात ठेवा, खोली सोडली की लगेच. चाकांची बॅग घेऊन पूल ओलांडण्याची वेळ येऊ देऊ नका. आणि तुमची गाडी सान्ता लुचियाहूनच सुटते का ते तिकिटावर बघा, काही गाड्या नुसत्या मेस्त्रेवरून पुढे जातात.